लहान मुलांचं औषध

"कोणासाठी हवंय?" औषधवाल्याने कपाटाकडे वळता वळता विचारलं.

"नातीसाठी," ती म्हणाली.

"वय?"

"सहा पूर्ण."

त्याने गुलाबी औषधाची बाटली काउंटरवर ठेवली. "आधी नेलं होतं ते तान्ह्या मुलांचं. हे मोठ्या मुलांचं आहे, त्याच्या दुप्पट कडक. तेव्हा मागच्या अंदाजाने देऊ नका. खोक्यात माप आहे, त्यानेच द्यायचं, घरातल्या चमच्याने नाही. दोन डोसांमध्ये चार तास तरी जाऊ द्या आणि दिवसरात्रीत मिळून चारच्या वर नको. ताप हटला नाही तर डॉक्टरला दाखवा."

"माहितीय मला. दोन द्या."

"दोन कशाला?"

"एक मुलीच्या घरी राहील."

हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सहज निघालं. नात घरी ठणठणीत होती, आजीच्या शिवणयंत्राखाली बसून चिंध्यांची बाहुली करत होती. औषध हवं होतं नवऱ्याला. नवरा साठीला टेकलेला, बँडमध्ये पहिला ट्रम्पेट वाजवणारा माणूस. लहान मुलांचं गोड औषध पितो हे चार लोकांत कसं सांगायचं?

तो आयुष्यात गोळी गिळू शकला नव्हता. लहानपणी एकदा गोळी घशात अडकली होती, तेव्हापासून गोळी जिभेवर ठेवली की पोटातलं सगळं वर यायचं. लग्नानंतर पहिल्यांदा तिला हे कळलं तेव्हा ती हसून हसून भिंतीला टेकली होती. "एवढे गाल फुगवता आणि एवढीशी गोळी जात नाही?" गाल फुगवून वाजवायची खोड त्याला पहिल्यापासून. बँड शिकवणाऱ्या मास्तरांनी पुष्कळ ओरडून पाहिलं, खोड काही गेली नाही. बँडमध्ये नावच 'गालफुगे' पडलं. गल्लीतल्या नव्या पोस्टमनला तर ते आडनावच वाटायचं.

आता त्या गालाला सूज होती. वरचा पुढचा दात आतून सडला होता. एकदाच दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "काढायचा म्हणतो."

"मग काढून टाका."

"अगं, पुढचा आहे. तोंडाची नळी टेकते कुठे? ओठ त्या दातावरच तर बसतो. तो गेला की हवा फुसकन बाहेर. वरचा सूर लागायचा नाही."

"कवळी बसवतात की."

"बसवतात. पण कवळीचा दात वाजवणाऱ्याला कळतो. आणि ऐकणाऱ्यालाही." त्याने सुजलेल्या गालावर हात धरला. "मास्तरांच्या नातीचं लग्न होऊ दे. मग काढू."

मास्तरांनी त्याला पोरवयात ट्रम्पेट हातात धरायला शिकवलं होतं. मास्तर आता अंथरुणाला खिळलेले. नवरदेव दाराशी आला की एकट्या ट्रम्पेटवर जी धून वाजते, ती तूच वाजवायची, मला वर खिडकीत ऐकू येईल अशी, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. लग्न आठवड्यावर आलं होतं. हे तिला माहीत होतं. म्हणून तिने जोर केला नाही.

पहिल्या दिवशी घरात होत्या त्या नातीच्याच बाटलीतलं माप भरून तिने त्याला दिलं. तासाभराने तो म्हणाला, "एवढ्याने काय होतंय? सहा वर्षांच्या पोरीचं माप मला?" ते तिला पटलं. दुसऱ्या वेळी दोन मापं दिली. तिसऱ्या वेळी तो बाटलीच उचलून प्यायला, आणि तिने काही म्हटलं नाही. लहान मुलांचं औषध. गोड, गुलाबी, खोक्यावर हसरं अस्वल. त्याने मोठ्या माणसाचं काय वाईट होणार?

नातीला देताना मात्र ती माप उजेडात धरायची, रेघेला औषध टेकलं की नाही ते डोळे बारीक करून बघायची. मुलीने तसं बजावून ठेवलं होतं.

बाटली त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात गेली. तालमीला जाताना एक घोट, येताना एक घोट. खाणं सुटलं होतं; पातळ काहीतरी गालाच्या एका बाजूने आत ढकलायचा, तेवढंच. त्यातच नाक गळायला लागलं, म्हणून रात्री झोपताना ती त्याला सर्दीची पावडर गरम पाण्यात ढवळून द्यायची. तीही त्याच दुकानातून आणलेली. आपण त्याचं सगळं बघतोय, असंच तिला वाटत होतं.

"मुलीला सांगू नकोस हं," तो एकदा म्हणाला. "ती उद्याच धरून नेईल मला दात काढायला."

"नाही सांगत."

लग्नाच्या दिवशी तिने त्याचा लाल कोट इस्त्री करून दिला. कोट खांद्यांवर सैल झाला होता. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या नजरेतून ते सुटलं नाही. लग्न उरकलं की आत घेऊ, असं तिने मनाशी ठरवलं. जाताना त्याने दोन्ही नव्या बाटल्या बरोबर नेल्या.

ती बायकांच्या घोळक्यात उभी राहून ऐकत होती. बँड थांबला. तो दोन पावलं पुढे आला, ओठ पुसले, ट्रम्पेट उचललं. गाल फुगले आणि धून निघाली. इतक्या वर्षांत त्याचं वाजवणं तिने घरकामाच्या आवाजासारखं ऐकलं होतं, असलं तर असलं. त्या दिवशी मात्र तिच्या शेजारची एक अनोळखी बाई बोलता बोलता गप्प झाली. वरच्या खिडकीत मास्तरांना उशीला टेकवून बसवलं होतं. शेवटचा वरचा सूर त्याने लांबवला, आणखी लांबवला, आणि अलगद सोडला. मास्तरांचा हात खिडकीच्या गजावर दोनदा आपटला. ती त्यांची शाबासकी.

"लागला ना?" घरी परतताना त्याने विचारलं.

"लागला."

"दोन्ही संपल्या," तो खिसा चाचपत म्हणाला. "पण लागला."

दुसऱ्या दिवशी तो सकाळपासून ओकत होता. लग्नातलं तेलकट, उन्हात उभं राहणं, रिकामं पोट, तिने तिला सुचली तेवढी कारणं लावली. लिंबूपाणी दिलं, कपाळाला ओला फडका लावला. त्याच्या पुढच्या दिवशी उलट्या थांबल्या. तो उठून बसला, दाढी केली. दातही जरा शांत होता. "बघ, बरा झालो," असं म्हणून नातीबरोबर पत्ते खेळत बसला आणि मुद्दाम हरला. ती निर्धास्त झाली आणि कोट आत घ्यायला यंत्रावर बसली.

तो दिवस पुढे तिला सगळ्यात जास्त छळणार होता. तो अख्खा दिवस त्यांनी पत्ते खेळण्यात घालवला होता.

त्यानंतरच्या संध्याकाळी मुलगी आपल्या लेकीला न्यायला आली. बाप दारातल्या खुर्चीवर बसला होता, पोटाच्या उजव्या बाजूला हात धरून. मुलीने चप्पल काढता काढता त्याच्याकडे पाहिलं आणि चप्पल काढायची राहिली.

"बाबा, इकडे उजेडात बघा. वर बघा."

डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झाला होता. घरात दिवसभर वावरणाऱ्या तिला तो दिसला नव्हता.

"काय घेतलंय यांनी? आई, काय औषध दिलंस?"

"काही नाही गं. दातासाठी ते आपलं, गुलाबी."

"किती?"

तिची नजर मोरीकडे गेली. मुलीने मोरीजवळची कचऱ्याची बादली जमिनीवर पालथी केली. रिकाम्या बाटल्या फरशीवर गडगडत गेल्या. त्यांच्यात सर्दीच्या पावडरची फाटलेली पाकिटं. मुलीने एक पाकीट उचललं, मागचं बारीक छापलेलं वाचलं आणि डोळे मिटून घेतले.

"एक शब्द सांगितला नाहीस मला."

"लहान मुलांचं औषध आहे ते," ती म्हणाली. बोलतानाच तिला आपला आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

हॉस्पिटलमधली डॉक्टरीण मुलीच्याच वयाची होती. तिने बाटल्या आणि पाकिटं टेबलावर मांडली, रागावली नाही, भराभर विचारत गेली. कधीपासून, दिवसातून किती वेळा, शेवटचा घोट कधी, जेवण किती. बायकोला एकाचंही धड उत्तर देता येईना. नातीचं विचारलं असतं तर सगळं सांगता आलं असतं.

"आजी, हे पॅरासिटामॉल. मोठी माणसंसुद्धा पातळ घेतात, ज्यांना गोळी जात नाही ती. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मोजून घेतलं तर चांगलं औषध आहे. पण बाटलीतून पिताना हिशेब राहत नाही. आणि या पावडरीतही तेच असतं, नाव वेगळं इतकंच. दोन्ही मिळून यकृतावर आलंय."

"पण ते मधे बरे झाले होते. पत्ते खेळले."

"असंच फसवतं. एक-दोन दिवस माणूस बरा दिसतो, आतून बिघडत असतं. जास्त गेलं असं कळलं की माणूस बरा दिसत असला तरी लगेच आणायचं. याच्यावर उतारा आहे, तो सलाइनमधून देतात. पण जितका लवकर, तितका चालतो. आताही लावतोय आम्ही."

"लग्नाच्या रात्रीच आणलं असतं तर?"

डॉक्टरीण बाटल्या पिशवीत भरू लागली. "तर बहुतेक एवढं झालं नसतं," ती म्हणाली. "दुकानदाराने काही सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं. त्याने सगळं सांगितलं. मी म्हटलं, नातीसाठी हवंय."

मुलीने मान वर करून आईकडे पाहिलं. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

मधले काही दिवस तो कुणाला ओळखत नव्हता. बोटं पांघरुणावर ट्रम्पेटच्या कळा दाबल्यासारखी उठत-बसत राहायची. पहिलं, दुसरं, पहिलं-तिसरं. ती पाहून परिचारिका म्हणाली, "टायपिस्ट होते का?" बायकोने नकारार्थी मान हलवली. ती पलंगाशी बसून राहायची आणि काउंटरवरचा तो प्रश्न पुन्हा पुन्हा स्वतःला विचारायची. कोणासाठी हवंय? माझ्या नवऱ्यासाठी. त्यांना गोळी गिळता येत नाही. एवढंच तर म्हणायचं होतं. औषधवाला हसलाही नसता कदाचित. हसला असता तरी काय बिघडलं असतं?

तो वाचला. यकृत हळूहळू सावरलं. डॉक्टरीणही म्हणाली की नशीब जोरावर. दात मग हॉस्पिटलमध्येच काढला, गालाचा पू उतरवला. घरी आला तेव्हा तो जिना चढताना मध्ये दोनदा बसला.

पुष्कळ आठवड्यांनी एका दुपारी, ती भाजी घेऊन येत असताना, तिला जिन्यातच ट्रम्पेटचा आवाज ऐकू आला. खालचे सूर बरे होते. वर चढताना मात्र आवाज फाटायचा, हवा सळकन निसटायची. तो पुन्हा खाली यायचा, पुन्हा चढायचा, पुन्हा तिथेच फाटायचा. ती पिशवी घेऊन पायरीवर बसून राहिली. आवाज थांबल्यावर बराच वेळ जाऊ दिला आणि मग दार उघडलं.

"आलीस?" तो ट्रम्पेट फडक्याने पुसत होता. "हे बँडचं आहे, परत करून टाकतो. नव्या पोराला लागेल."

"माझ्यामुळे झालं सगळं," ती म्हणाली. हे ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली.

"काय तुझ्यामुळे? बाटली मी तोंडाला लावली. मुलीला सांगू नकोस, हेही मीच म्हटलं."

"दुकानात मी खोटं बोलले."

"माझी लाज झाकायला बोललीस." त्याने फडक्याची घडी घातली. "दात तर जाणारच होता गं. आज ना उद्या."

त्याने तिला माफ करून टाकलं होतं, इतक्या सहज की जणू माफ करण्यासारखं काही नव्हतंच. तिला मात्र त्या सहजपणाने उलट जास्त लागलं. दात जाणारच होता हे खरं. पण दम, पायातलं बळ, ओठांची पकड, हे सगळं त्या अंथरुणावर राहिलं होतं. ते एरवी गेलं नसतं.

पुढच्या हंगामात बँडवाल्यांनी त्याला बोलावलं. नुसतं सोबत चाला, असं म्हणाले. तो म्हणाला, नुसतं कोण चालतं? झांजा द्या. तिने कोट पुन्हा उसवला, दोन बोटं आणखी आत घेतला.

वरात बाजाराच्या रस्त्याने निघाली तेव्हा ती फुटपाथवर येऊन उभी राहिली. तो शेवटच्या ओळीत होता, ढोलवाल्याच्या आडोशाला, दोन्ही हातांत पितळी झांजा. झांजांचं काम थोडं. बराच वेळ गप्प राहायचं आणि नेमक्या ठोक्यावर वाजवायचं. तो तोंडातल्या तोंडात मोजत चालला होता.

चौकात बँड थांबला. नवा ट्रम्पेटवाला दोन पावलं पुढे गेला. धून चांगली चालली होती, पण शेवटच्या वरच्या सुरावर पोराचा दम पुरला नाही आणि सूर तुटला. पुढच्या ओळीतल्या तिघाचौघांनी वळून मागे, झांजांकडे पाहिलं. रस्त्याकडेची काही जुनी माणसंही त्याच्याकडे बघू लागली.

त्याने कुणाकडेही पाहिलं नाही. मान ताठ, नजर समोर. दोन मात्रा रिकाम्या जाऊ दिल्या आणि झांजा एकमेकींवर आणल्या, अगदी वेळेवर.