वहीत न टाचलेली चिंधी

मी शिंपी. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कापडाची एक चिंधी मापाच्या वहीत टाचून ठेवतो. उद्या कोणी तक्रार घेऊन आलं, तर पुरावा हाताशी असतो.

तीन वर्षांपूर्वी माझ्या मांडीत सुपारीएवढी गाठ आली. बायकोचा भाऊ डॉक्टर. त्याने चाचपून पाहिलं आणि म्हणाला, "दाजी, चरबीची गाठ आहे. रविवारी दवाखान्यात या, दहा मिनिटांचं काम." घरचाच माणूस, शंका कसली घ्यायची? त्याने गाठ काढली, बादलीत टाकली आणि चार टाके घातले. टाके वाकडे होते.

यंदा गाठ परत आली, ती नारळाएवढी. मोठ्या इस्पितळातल्या सर्जनबाईंनी विचारलं, "पहिल्या गाठीचा रिपोर्ट कुठाय?" सोबत आलेला मेव्हणा खिडकीबाहेर बघायला लागला. "तपासायला पाठवलीच नव्हती," मी सांगितलं. बाई म्हणाल्या, मांसातला कॅन्सर आहे, अर्धवट काढल्यामुळे मांडीभर पसरलाय. तेव्हाच कळलं असतं तर बहुतेक पाय वाचला असता. आता खुब्यापासून काढावा लागेल.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आलो, तर मेव्हणा उशाशी बसलेला. "दाजी, जीव वाचला हे महत्त्वाचं."

मी सिस्टरला विचारलं, पाय कुठे ठेवला.

"लॅबमध्ये गेलाय, तपासायला."

मी मेव्हण्याकडे वळलो. "तुझी गाठ गेली बाबा एकदाची तपासायला. सोबतीला पाय द्यावा लागला, एवढंच."