सोमवारची दाढी

जगात सगळ्यात वाईट दाढी कोणाची असते, तर दाढी करणाऱ्याची. दिवसभर दुसऱ्यांच्या गालांवरून हात फिरवायचा आणि घरी आल्यावर स्वतःच्या गालाकडे बघायचाही कंटाळा यायचा, असा हा धंदा. माझा जन्म त्यात गेला, त्यामुळे मला बोलायचा अधिकार आहे.

म्हणून मी एक चैन ठेवली होती. एकच. मला तंबाखू नाही, दारू नाही, पत्ते नाहीत. बायको म्हणते, तोंड चालतं तेवढं पुरे आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी, आमच्या लोकांची दुकानं बंद असतात तेव्हा, मी समोरच्या गल्लीत फुंकरच्या सलूनमध्ये जायचो. तो शटर अर्धं वर करायचा, मी वाकून आत शिरायचो आणि पुढचा तासभर गिऱ्हाईक व्हायचो. केस, दाढी, डोक्याला मालिश. मी डोळे मिटून घ्यायचो. माझे हात मांडीवर नुसते पडून असायचे, आणि खरं सांगायचं तर मी त्यासाठीच जायचो. निघताना पूर्ण पैसे द्यायचो. तो सोडत नसे आणि मी सोडू देत नसे. धंद्यात मैत्री आणली की दोन्ही बुडतात, यावर आमचं एकमत होतं.

फुंकर हे अर्थातच त्याला लोकांनी दिलेलं नाव. मानेवरचे केस सगळेच ब्रशने झाडतात. हा ब्रश फिरवून झाला की वर एक हलकी फुंकर मारतो. मी त्याला चिडवायचो, "अरे, एक दिवस आरोग्य खात्याचा माणूस बघेल."

"बघू दे. त्यालाही मारीन."

स्वतः मात्र तो कोणाच्याही हाताखाली बसत नसे. डोक्यावर टक्कल, कडेने उरलेली झालर. ती झालर आणि दाढी तो दोन आरसे समोरासमोर धरून स्वतःच करायचा. वडील गेल्यापासून त्याच्या मानेला दुसऱ्याचा वस्तरा लागला नव्हता. "वस्तरा काय करू शकतो ते मला माहीत आहे," असं म्हणायचा. आमच्यात इतकी दोस्ती, पण या बाबतीत माझ्यावरही भरवसा नाही. मला त्याचा थोडा राग होता, आणि तो मी गिळला होता.

माझी मुलगी नर्स आहे. अंथरुणाला खिळलेली माणसं जिथे वर्षानुवर्षं असतात, अशा रुग्णालयात ती काम करते. एके दिवशी जेवताना तिने विषय काढला. पडून पडून लोकांच्या पाठीला जखमा होतात. हवेच्या गाद्या असल्या तर होत नाहीत, पण त्या आहेत थोड्या आणि पाठी आहेत पुष्कळ.

"आपण दर महिन्याला प्रत्येकाने एक चैन सोडायची," ती म्हणाली. "जे वाचेल ते गाद्यांच्या डब्यात. आणि बाहेर कोणाला सांगायचं नाही. या हाताचं त्या हाताला कळता कामा नये."

तिने स्वतःचं अत्तर सोडलं. बायकोने महिन्याचा सिनेमा सोडला आणि लगेच चेहरा असा केला की जणू राज्यच सोडलं. मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"माझ्याकडे काही नाहीच सोडायला," मी म्हणालो.

"आहे की," बायको म्हणाली. "तुमचं ते सोमवारचं."

"ती चैन नाही. दाढी ही गरज आहे."

"मग ती घरी होईल. वस्तरा आपला, साबण आपला. आपला हात जगन्नाथ."

लेकीपुढे नाही कसं म्हणणार? पहिल्या सोमवारी मी मोरीतल्या आरशापुढे उभा राहिलो आणि कानाखाली कापून घेतलं. मानेवरचे केस बायकोने कापले. इतकी वर्षं तुमच्याशी संसार केला, एवढं येणार नाही का, असं म्हणत तिने जी रेघ ओढली, ती डावीकडून निघून उजवीकडे चढावर गेली. पण पैसे डब्यात टाकताना मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी फुंकर दुकानात आला. आमच्याकडे ब्लेडची पाकिटं एकमेकांकडून आणायची पद्धत होती. तो ब्लेड मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याला माझी मान दिसली. डॉक्टर जीभ बघतो तशी आम्ही मान बघतो. कात्री कोणत्या हाताची आहे ते आम्हाला कळतं, आणि ही त्याच्या ओळखीची नव्हती.

"कोणी केलं हे?" त्याने विचारलं.

आता काय सांगणार? लेकीची अट होती. "झालं कुठेतरी," मी म्हणालो.

तो ब्लेडही न घेता गेला. नाक्यावर काचेचं नवं सलून निघालं होतं, आत गार हवा आणि गाणी. त्याला वाटलं, मी तिथे गेलो. दुसऱ्या कोणाला वाटलं असतं, बिचाऱ्याने घरी कापले असतील. पण आमच्या धंद्यातला माणूस असा विचार करूच शकत नाही. केस कापणारा बायकोकडून केस कापून घेईल, हे त्याच्या स्वप्नातही येणार नाही.

त्यानंतर त्याच्याकडून ब्लेडसाठी कोणी आलं नाही. पूर्वी त्याच्याकडे गर्दी झाली की तो माणसं माझ्याकडे पाठवायचा. तेही थांबलं. रस्त्यात दिसला की चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकायचा. त्याच्या चपलेला पट्टाच नव्हता.

पुढच्या महिन्याचा पहिला सोमवार आला. मी भाजी घेऊन मुद्दाम त्याच्या गल्लीतून निघालो. शटर अर्धं वर होतं. वाकून पाहिलं तर खुर्ची दाराकडे वळवलेली, तिच्यावर धुतलेला टॉवेल, आणि स्टोव्हवर गरम पाण्याचं भांडं. फुंकर पाठमोरा बसून वस्तरा फडक्याने पुसत होता. तो माझी वाट बघत होता. पण अट म्हणजे अट, असं म्हणत मी मूर्खासारखा पुढे गेलो. त्या दिवशी डब्यात पैसे टाकले तेव्हा काही बरं वाटलं नाही.

मग एक दिवस दाढीला बसलेला एक शिक्षक सहज म्हणाला, "तुमचा दोस्त दुकान विकतोय म्हणे. भाच्याकडे जाणार आहे कायमचा. म्हणाला, इथे आता वाट बघण्यासारखं काही उरलं नाही."

माझा हात थांबला. शिक्षकाच्या अर्ध्या गालाला फेस तसाच राहिला.

घरी येऊन सांगितलं तेव्हा बायकोने माझी बिनपाण्याने हजामत केली. "भावजी दुकान विकतात आणि तुम्ही तोंडात मूग धरून बसलात? अट लोकांसाठी होती. ते काय लोक आहेत?"

मुलगी तर रडवेली झाली. "बाबा, मी चैन सोडा म्हटलं होतं. माणूस सोडा म्हटलं नव्हतं."

सोमवार यायची वाट न बघता मी तसाच निघालो. फुंकर दुकान आवरत होता. मी सरळ गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलो आणि सगळं सांगून टाकलं. गाद्या, अत्तर, सिनेमा, मोरीतला आरसा आणि बायकोची चढावरची रेघ.

त्याने पुढे येऊन माझी मान निरखली. मग म्हणाला, "म्हणजे वहिनींनी कापले?"

"हो."

"मग बरोबर. नवीन सलूनवाला इतकं वाईट कापणार नाही." आणि मग तो भडकला. "हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवलंस की रे तू. दान तुझं आणि उपास माझ्या खुर्चीला. मला सांगितलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं का?"

"मग काय केलं असतंस?"

"पैसे मीच डब्यात टाकले असते, गाढवा. तू यायचं बंद कशाला केलंस?"

हे इतकं सोपं होतं, आणि आम्हा तिघांपैकी कोणाला सुचलं नव्हतं. त्याने माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं, मान सरळ केली आणि तोंडाने अर्वाच्य बोलत हाताने फेस लावला. माझे हात मांडीवर पडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि साबण गेला असं मी सांगितलं. शेवटी ब्रश आणि फुंकर. मी पैसे पुढे केले. त्याने ते घेतले आणि निराळे ठेवले. "हे गाद्यांचे. माझ्याकडून."

"आणि दुकान?"

"ते बघू," तो म्हणाला. मग आरशात स्वतःकडे बघत उभा राहिला. "माझ्याकडे सोडायला काय आहे रे? मलाही कसली चैन नाही."

"हट्ट आहे," मी म्हणालो.

मला वाटलं, आता हाकलून देणार. पण तो मला खुर्चीतून उठवून स्वतः बसला. डोळे मिटले नाहीत. दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे असे धरले होते की बोटं पांढरी पडली. मी नवीन ब्लेड घातलं आणि त्याच्या गळ्यावरून वस्तरा फिरवताना जितकी काळजी घेतली, तितकी उभ्या आयुष्यात कोणाची घेतली नसेल. हळूहळू त्याची बोटं सुटली. मग झालर नीट केली. दोन आरशांत बघून इतकी वर्षं त्याने ती वाकडीच कापली होती, पण ते मी बोललो नाही. मानेवरून ब्रश फिरवला. मग थोडा वाकलो आणि फुंकर मारली.

त्याने मान आखडली, आणि मग सैल सोडली.

"हे असं लागतं होय," तो म्हणाला. "मला कधी माहीतच नव्हतं."

त्याने खिशातून पूर्ण पैसे काढून माझ्या हातावर ठेवले, आणि पुढच्या सोमवारी गरम पाणी मीच ठेवायचं, असं बजावलं.