तडा गेलेली चकती

आत्याने प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं दगड घासले होते. चकतीसारखा तुकडा करवतीने कापायचा, काचेवर चिकटवायचा आणि केसापेक्षा पातळ होईपर्यंत घासायचा. मग दगडातून उजेड आरपार जातो आणि त्याच्या पोटातलं दिसतं. घासताना चकती तडकली, तर आत्या ती निमूटपणे केराच्या डब्यात टाकायची. फुटकं काम तिने कधी कुणाच्या हाती दिलं नाही.

त्या दुपारी भाची एका टेकडीवरचा दगड घेऊन आली. वडील, म्हणजे आत्याचा दादा, गेल्यावर त्यांचंच काम तिने हाती घेतलं होतं. त्या टेकडीचा खडक म्हणजे मुळात समुद्रतळाचा गाळ, तो शंभर किलोमीटर खोल जाऊन परत वर आलाय, असं दादाचं म्हणणं. लोक हसले. म्हणाले, पुरावा आणा. पुरावा मिळाला नाही आणि दादा ते शल्य उराशी घेऊनच गेला.

आत्याने चकती घासली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली, चुकचुकली आणि डब्याकडे वळली.

"अगं, टाकतेस काय?"

"तडकली. म्हातारीचा हात! दुसरी करते."

"आधी मला बघू तर दे. तुझा हात नि तुझा तोरा, दोन्ही मला माहीत आहेत."

भाची बराच वेळ भिंगावर वाकून राहिली. मग हळूच म्हणाली, "आत्या, हा तडा तुझा नाही. घासताना गेला असता, तर या काठापासून त्या काठापर्यंत गेला असता. इथे लाल गार्नेटच्या पोटात पांढरा कण आहे ना, सगळे तडे त्याच्यापासून निघालेत, सूर्याच्या किरणांसारखे."

"म्हणजे काय झालं?"

"हा गाळातला वाळूचा, म्हणजे गारगोटीचा कण. खोलवरच्या दाबाने तो आवळून कोएसाइट झाला; तेवढं खोल गेल्याशिवाय ते होत नाही. गार्नेट त्याच्याभोवती डबीसारखं वाढलं. वर येताना दाब सुटला, कण फुगून पुन्हा साधी गारगोटी झाला आणि डबी आतून फुटली. मधोमध थोडं कोएसाइट अजून तसंच उरलेलं दिसतंय. यंत्रावर तपासावं लागेल, पण बाबा हेच शोधत होते."

आत्या स्टुलावर बसली. हातातल्या फडक्याची तिने उगाचच चारदा घडी घातली.

"दादाच्या सगळ्या चकत्या मीच केल्या," ती म्हणाली. "विचारायचा, एवढ्याच? मी म्हणायचे, एवढ्याच. तडकलेल्या दाखवायची लाज वाटायची गं. तो म्हणायचा, माझ्या बहिणीच्या चकत्या म्हणजे आरसा."

भाचीने समजूत घातली नाही. "किती टाकल्यास?" एवढंच विचारलं.

"कुणास ठाऊक."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलला कुलूप लावत होतं. आत्या उठली, भिंतीतल्या कपाटाशी गेली. चकती केल्यावर दगडाचा उरलेला तुकडा नंबर घालून ठेवायचा, हा तिथला जुना शिरस्ता. खालच्या खणात दादाच्या अक्षरातली चिठ्ठी लावलेले तुकडे ओळीने होते. धूळ पुसून तिने पहिला उचलला आणि करवतीचं पाणी सोडलं.

"सगळे कापायचे?" भाचीने विचारलं.

"सगळे. आणि तडकलेली एकही चकती माझ्या हाती राहू देऊ नकोस. घासून झाली की आधी तू बघ."