पुलीतला खडा

मामाने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एसीच्या कॉम्प्रेसरवर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. आत कोणीतरी करकर दात खात होतं.

"भाऊजी, एसी लावा."

भाऊजींनी बटण दाबलं. टक् झालं आणि आवाज गप्प.

"बघ! एसी लावला की बंद. म्हणजे एसी लावूनच जायचं. मिटलं!"

मामाला नेमकं हेच नको होतं. एसी लावला की पुढची चकती पट्ट्याच्या पुलीला घट्ट धरते, डुगडुगणारी पुली घटकाभर सरळ बसते. दुखणं आतल्या आत तसंच.

"बेअरिंग गेलंय, भाऊजी. स्टेअरिंगचा पंपही याच पट्ट्यावर आहे. घाटात पट्टा तुटला तर स्टेअरिंग दगड होईल."

भाऊजी पोट धरून हसले.

"मागच्या वर्षी सायलेन्सरला शिट्टी कोणी बांधली होती? तीन गॅरेजं पालथी घातली मी."

"मीच."

"आणि गाडीत साप शिरला म्हणून मला बनियनवर रस्त्यात कोणी पळवलं?"

"तेही मीच. पण आज आईशपथ—"

"तेव्हाही आईशपथच होती!"

मागच्या सीटवर ताई दुपट्यांच्या घड्या घालत होती. डोंगरापलीकडच्या हॉस्पिटलातून लेकीला आज सोडणार होते. तिला आणि चार दिवसांच्या बाळाला याच गाडीतून आणायचं होतं.

भाऊजींनी बॉनेटला हात घातला. मामाने आपला पंजा आतून काढला नाही.

"हात काढ रे, चिरडेल."

मामाने एकदा दुपट्यांकडे पाहिलं. मग बत्तीशी दाखवली.

"बरं, हरलो. परवा तुम्ही चहा पीत होतात ना, तेव्हा पुलीत खडा टाकला मी."

भाऊजींचा चेहरा असा उजळला, जणू लॉटरी लागली.

"मला ठाऊकच होतं! काढत बस आता. आणि शिक्षा म्हणून तुझी गाडी नेतो मी. आण किल्ली!"

"असं काय करता, भाऊजी? मला कामं आहेत."

"किल्ली!"

मामाने तोंड पाडून किल्ली दिली. भाऊजी शीळ घालत बॅगा हलवायला लागले.

मामाने इंजिन बंद करून पट्टा उतरवला, नट सोडून चकती काढली. पुलीला नुसता हात लावला तर ती लुळी पडल्यासारखी कलंडली. बेअरिंगच्या गोळ्या, जळून निळ्या-काळ्या झालेल्या, घरंगळत तळहातावर आल्या. चटका बसला तरी त्याने मूठ मिटली आणि खिशात कोंबली.

ताई दुपटी घेऊन समोर उभी होती.

"खडा दाखव."

"फेकला."

तिने मनगट धरून मूठ बाहेर ओढली. एकेक बोट उघडलं. आत खडा नव्हता, जळक्या गोळ्या होत्या.

पलीकडून हॉर्न वाजला. "सापडला का गं खडा?"

ताईने भावाची बोटं पुन्हा एकेक करून मिटली आणि वर आपला हात घट्ट दाबला.

"सापडला!" ती गाडीपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली. "पन्नाशी आली मेल्या, लाज नाही वाटत?"