काढेबाईंची बरणी

धाकटीचा डावा हात रुसला आहे, असं थोरली येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. रुसायला तो काय जावई होता? हात रुसत नाही, हात जातो. पण थोरलीच्या तोंडून आलं की आजारसुद्धा घरातल्या लाडावलेल्या पोरासारखा वाटायचा, जरा समजूत काढली की गपगुमान जाग्यावर येईल असा. आणि धाकटीचं म्हणाल तर थोरलीने दिवसाला रात्र म्हटलं असतं तर हिने उठून दिवा लावला असता.

थोरली ही तिची मोठी जाऊ. दोघींची घरं एकाच गल्लीत, मध्ये एक सायकलदुरुस्तीचं दुकान. नवरा गेल्यापासून थोरली एकटीच राहायची, पण एकटी सापडायची मात्र कधी नाही. पुढच्या खोलीत बाकड्यांवर माणसं, मधल्या खोलीत गादी आणि औषधांची फळी, मागच्या स्वयंपाकघरात गॅसवर सतत काहीतरी उकळत. ज्येष्ठमध, अडुळसा, गुळवेल, जटामांसी, सगळ्यांचा मिळून एक कडवट वास पार सायकलवाल्यापर्यंत यायचा. सायकलवाला म्हणायचा, माझी पंक्चरंसुद्धा आता लवकर भरून येतात. गल्ली तिला काढेबाई म्हणायची आणि तिला ते आवडायचं.

उगाच कुणाला नावं ठेवू नयेत. थोरलीला वनस्पतींतलं कळत होतं. साल सावलीत वाळवायची की उन्हात, कुठली मुळी पान गळल्यावर काढायची, काय दुधात उकळायचं आणि काय कोरडंच चाटायचं, हे तिला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. धाकटीचा हात एकदा इस्त्रीवर चांगलाच भाजला होता, तेव्हा थोरलीने कोरफडीचा गर बांधून तो असा बरा केला की खूण शोधावी लागे. धाकटीच्या मुलीचा खोकला तिच्याच अडुळशाने गेला. शिवाय धाकटीच्या नवऱ्याला आई लहानपणीच गेलेली, त्याला पदराखाली घेऊन वाढवलं ते याच वहिनीने. त्या घरात वहिनी म्हणजे शेवटचा शब्द.

मधल्या खोलीच्या दाराशी एका स्टुलावर मोठी काचेची बरणी असायची. नवा माणूस आला की थोरली त्याला समोर बसवायची आणि म्हणायची, "तुम्ही गुडघा घेऊन आलात. मला गुडघा नको, मला अख्खा माणूस पाहिजे. झोपता कधी? चिडता कुणावर? जेवताना काय बोलता?" माणूस आपलं सगळं सांगून मोकळा झाला, एखादा रडलासुद्धा, की थोरली बरणीकडे बोट करायची. खिशातल्या, पर्समधल्या गोळ्या त्यात टाकायच्या. अंगदुखीच्या, पित्ताच्या, झोपेच्या. "ओझं इथे उतरवा आणि हलके होऊन घरी जा." बरणी बघून बाकड्यावरच्या माणसांनाही धीर यायचा. इतक्या लोकांनी टाकल्या म्हणजे काहीतरी असणारच.

धाकटी शिलाईकाम करायची. शाळेचे गणवेश, दुकानातल्या मुलींचे ब्लाउज, पडदे, बाह्या कमीजास्त करणं. पायाची मशीन होती, मोटर तिला मानवत नसे, आपल्या पायाचा ताल आपल्या ताब्यात असावा असं तिचं म्हणणं. दवाखान्यातल्या डॉक्टरने ब्लडप्रेशरची गोळी सुरू केली तेव्हापासून तिचे पाय सुजायला लागले. संध्याकाळी मशीनचा पायटा दाबताना घोटे दिसेनासे व्हायचे. डॉक्टरकडे जाऊन सांगायचं सोडून ती थोरलीकडे गेली, आणि हे तर ठरलेलंच होतं.

थोरलीने तिचे पाय मांडीवर घेतले, अंगठ्याने दाबून पाहिले. "गोळी एक गोष्ट दाबते आणि दुसरी वर काढते," ती म्हणाली. "अगं, शरीर म्हणजे काही तुझा झगा नाही, इथे टीप घातली, तिथे उसवलं. सगळं एकत्र बघायचं असतं. मी अर्जुनाच्या सालीचा काढा देते. रात्री जटामांसी. तळपायाला तेल. या गोळ्या नकोतच तुला."

"सोडू ना ताई? नक्की?"

"माझ्यावर विश्वास आहे ना?"

त्याच दिवशी धाकटीने तीन महिन्यांसाठी आणून ठेवलेल्या गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या बरणीत टाकल्या. पट्ट्यांचे टोकदार कोपरे पर्सचं अस्तर फाडतात, म्हणून कापडाच्या कडेचे धागे सुटू नयेत यासाठी वापरायच्या नागमोडी कात्रीने ती ते कापून टाकायची. नवरा चेष्टा करायचा, की बायको गोळ्यांनाही झालर लावते.

आणि तिला बरं वाटलं! पायांची सूज गेली, झोप गाढ लागायला लागली. ती ज्याला त्याला सांगत सुटली. ब्लडप्रेशर चोरपावलांनी येतं हे तिला कोण सांगणार? ज्याने सांगितलं असतं त्याच्याकडे तिने जाणंच बंद केलं होतं.

मग शाळा सुरू व्हायच्या आधीची धांदल आली. एका सकाळी ती गणवेशाची कॉलर शिवत होती, आणि सरळ जाणारी टीप एकदम तिरकी होऊन कडेला गेली. तिला वाटलं, लक्ष नाही आपलं. उसवून पुन्हा घातली. पुन्हा तिरकी. कापड सुईखाली सरकवतो तो डावा हात, आणि डावा हात कॉलरवर नुसता ठेवल्यासारखा पडला होता. तिने नवऱ्याला हाक मारली तर तोंडातून धड शब्द फुटेना.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, थोडक्यात निभावलं. मग विचारलं, "गोळ्या रोज घेत होता ना?"

धाकटी म्हणाली, "हो."

नवरा बाजूला उभा होता, त्याने खाली बघितलं. दोघांनीही थोरलीचं नाव काढलं नाही. डॉक्टरला बिचाऱ्याला वाटलं, जुनी गोळी पुरी पडली नाही. त्याने आणखी जोराच्या नव्या गोळ्या लिहून दिल्या. म्हणाला, हात पुष्कळसा येईल, पण यापुढे गोळी चुकली तर पुढच्या वेळी हातावर भागणार नाही.

घरी आल्यावर थोरली रोज यायची. निर्गुंडीचं तेल कोमट करून बोटन्‌बोट चोळायची. चोळता चोळता रडायची. ते रडणं खोटं नव्हतं, एवढं मी तिच्या बाजूने सांगतो. एकदा तिने विचारलं, "काढा मध्ये चुकला का गं कधी?"

धाकटीला आठवलं, कामाच्या गर्दीत दोनचारदा चुकला होता. तिने मान खाली घालून कबूल केलं.

"बघ," थोरली म्हणाली. एवढंच.

त्या "बघ"ने धाकटीला आतून खाल्लं. आपल्या हाताला आपणच जबाबदार. थोरलीचं औषध चोख होतं, आपणच कमी पडलो. गणवेश दुसऱ्या शिंपिणीकडे गेले, मशीनवर चादर टाकली, आणि तिला वाटत राहिलं की हे आपल्याच हलगर्जीपणाचं फळ. नवरा देईल ती नवी गोळी ती घ्यायची, पण चोरी केल्यासारखी. शेवटी न राहवून तिने थोरलीलाच विचारलं, "ताई, या नव्या गोळ्या घेऊ की तुमचाच काढा परत नीट सुरू करू?"

थोरलीचं चोळणं थांबलं. मग म्हणाली, "तुझं मन काय म्हणतं?"

धाकटीचं मन काय वेगळं म्हणणार! दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा कामावर गेल्यावर तिने नव्या गोळ्यांचं पाकीट उचललं आणि ती निघाली. बरणीत टाकायचं, थोरलीसमोर टाकायचं, आणि या वेळी काढा एकदाही चुकवायचा नाही. चालताना डावा पाय जरा ओढत होता. सायकलवाल्याने स्टूल पुढे केलं, ती नको म्हणाली.

दुपारी थोरली कुणाला तपासत नसे, पुढचं दार बंद असे. धाकटी घरचीच, ती नेहमीसारखी मागच्या दाराने आत गेली. गॅसवर काढा उकळत होता. टेबलाशी थोरली बसली होती, नाकावर चष्मा, आणि मांडीवर ती बरणी. हात कोपरापर्यंत आत घालून ती काहीतरी शोधत होती. एक पट्टी काढली, उजेडात धरून मागची तारीख वाचली. मग अंगठ्याने दाबून एक गोळी तळहातावर घेतली, तोंडात टाकली आणि वर कपातला काढा प्यायली.

पट्टीचे कोपरे नागमोडी कापलेले होते.

धाकटी दाराला धरून उभी राहिली. आपण काय बघतोय हे तिला लगेच कळलं, आणि कळलं म्हणूनच ते गळी उतरेना.

"ताई, ती माझी गोळी आहे."

थोरली दचकली. बरणी मांडीवरून घसरली असती, तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर चारपाच कारणं येऊन गेली, एकही टिकलं नाही.

"बस," ती म्हणाली.

"नाही बसत. कधीपासून घेता?"

"पुष्कळ वर्षं झाली." आवाज काढेबाईंचा नव्हता, कुणातरी म्हाताऱ्या बाईचा होता. "तुला सुरू झाली त्याच्या कितीतरी आधीपासून. लांबच्या दवाखान्यातून आणायचे, दोन बस बदलून. समोरच्या केमिस्टकडे गेले असते तर दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं असतं."

"आणि मी टाकल्यापासून?"

"चांगल्या होत्या गं. फुकट जाऊ नयेत म्हणून."

धाकटीला हसू आलं. कसलं ते तिचं तिलाच कळेना. मशीनपाशी आपला हात पडला तेव्हा, तोंडातून शब्द फुटेना तेव्हा, आपल्याच वाटणीच्या गोळीने हिचं रक्त शांत ठेवलं होतं. आणि डॉक्टरशी खोटं कुणासाठी बोललो? हिच्यासाठी. जिला आईच्या जागी मानलं, तिने केसाने गळा कापला.

"मला का सोडायला लावलीत मग? बोला ना. स्वतः सोडली नाहीत ती मला का सोडायला लावलीत?"

थोरलीने चष्मा काढला. "माझी आई अशीच गेली. भांडी घासता घासता. मला भीती वाटते. माझा काढ्यावर विश्वास आहे, खरंच आहे. खोकला, भाजणं, झोप, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण याच्यावर चालतो की नाही ते मला माहीत नव्हतं. ब्लडप्रेशरची गोळी मी आजपर्यंत कुणालाही सोडायला लावली नाही, पाहिजे तर बाकड्यावरच्या कुणालाही विचार. फक्त तुला. तुला लागू पडला असता तर मग मीही सोडणार होते."

"म्हणजे आधी माझ्यावर करून बघितलंत."

"घरातल्या माणसावरच बघणार ना," थोरली म्हणाली, आणि ते तिला अगदी खरं वाटत होतं. "परक्याच्या जिवाशी कसं खेळायचं?"

खोलीत काढ्याचा रटरट आवाज येत राहिला. धाकटीला वाटलं, हिने पैशासाठी केलं असतं, दुष्टपणाने केलं असतं तर बरं होतं. आपण जवळचे होतो म्हणून आपली निवड झाली. सगळ्या गल्लीत आपलाच जीव हिला मागता येण्यासारखा वाटला.

"आणि हात गेल्यावर?" ती म्हणाली. "काढा चुकला का, असं विचारलंत. मी रात्ररात्र स्वतःला दोष दिला ताई. काल विचारलं गोळी घेऊ का, तर म्हणे तुझं मन काय म्हणतं! 'घे' म्हणायला काय झालं होतं? एक अक्षर!"

"घे" म्हटलं असतं तर बाकीचं सगळं सांगावं लागलं असतं, हे दोघींनाही कळत होतं.

"हे तुमच्या दिराला तुम्ही सांगायचं. मी सांगितलं तर त्यांना खरं वाटणार नाही. आजच सांगायचं."

थोरलीने मान हलवली. हो म्हणाली की नाही, ते कळलं नाही.

धाकटीने पर्समधून नव्या गोळ्यांची पट्टी काढली. सकाळची नवऱ्याची नजर चुकवून घेतली नव्हती, बरणीत टाकायची म्हणून. माठाशेजारचा पेला तिने उजव्या हाताने भरून टेबलावर ठेवला. मग पट्टी धरली, पण गोळी काढायची तर एका हाताने धरावं लागतं आणि दुसऱ्याने दाबावं लागतं. डाव्या हाताची बोटं पट्टीवरून घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. पट्टी जमिनीवर पडली.

थोरली उठली, तिने ती उचलली. तिच्या अंगठ्याला सवय होती, गोळी आता निघालीच असती.

"राहू द्या," धाकटी म्हणाली आणि पट्टी तिच्या हातातून ओढून घेतली. दातात धरून तिने चंदेरी कागद फाडला, हिरडीला लागलं, पण गोळी जिभेवर आली. वर ती पाणी प्यायली. कपातला काढा नाही, नुसतं पाणी.

ती दाराशी पोचली तेव्हा थोरली मागून म्हणाली, हळू, पण अगदी स्पष्ट, "रोज एकाच वेळेला घेत जा गं. बरं वाटलं तरी सोडू नकोस. एक दिवसही सोडू नकोस."