टॉवेलची दांडी

मी बाथरूममधली टॉवेलची दांडी बोलतेय. निदान या घरात मला असंच म्हणायचं ठरलं आहे. खरं तर टॉवेल वाळत घालण्यासाठी माझा जन्म झालेला नाही.

नळ बनवणाऱ्या एका कारखान्यात मी घडले. वयस्कर माणसांना बाथरूममध्ये धरायला आधार हवा, म्हणून तिथल्या ताईंनी मला कागदावर आखलं. ओला हात सटकू नये म्हणून अंगावर रबर चढवलं, आणि अधू नजरेलाही दिसावं म्हणून ते पिवळंधमक निवडलं. कारखान्याने वर एक चित्रही चिकटवलं. काठी टेकत चाललेला, वाकलेला माणूस. ताई खूश होत्या. पहिला नग त्यांनी घरीच आणला, कारण त्यांचे बाबा नुकतेच बाथरूममध्ये पडले होते.

"पडलो नव्हतो, बसलो होतो," बाबा म्हणाले.

"बादलीत?"

बाबांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी मला हातात घेतलं आणि चित्र न्याहाळलं. "हे गृहस्थ कोण?"

"कोणी नाही, नुसतं चित्र आहे."

"मग ज्यांचं आहे त्यांना नेऊन दे."

तरी ताईंनी मला भिंतीवर लावलंच. बाबा मात्र खिळखिळ्या नळाला धरून उठत. मी हातभर अंतरावर! मला फार राग येई. नळ करकरला की दाराबाहेर ताईंचा जीव टांगणीला लागे. शेवटी एके सकाळी नळ बाबांच्या हातात आला. कारंजं उडालं, बाबा भिंतीला टेकल्यामुळे वाचले.

"नळच कच्चा होता," ते म्हणाले.

ताई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी मला कारखान्यात परत नेलं, रबर आणि ते गृहस्थ दोन्ही खरवडून काढले, आणि पकड सुटू नये म्हणून स्टीलवर बारीक रेघा पाडल्या. मग नळ पुन्हा बसवायला आणि मला भिंतीवर लावायला मिस्त्रीला बोलावलं.

"टॉवेलच्या दांडीला एवढे जाड बोल्ट?" मिस्त्री म्हणाला. "टॉवेल आहे तरी केवढ्या वजनाचा, ताई?"

"ओला झाला की जड होतो."

बाबा दारात उभे होते. त्यांनी पुढे येऊन मला दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. "राहील टॉवेल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर ते टॉवेल सारखा करायला लागले आणि तो सारखा करता करता उठून उभे राहिले. सगळा भार माझ्यावर होता आणि मला अतिशय आनंद झाला होता. बाहेर ताई कान देऊन उभ्या होत्या. नळ करकरला नाही, तशा त्या चहा टाकायला गेल्या.

मग परवा चहा पिताना बाबा म्हणाले, "कमोडपाशीही एक टॉवेलची दांडी लावून टाक."

"लावते," ताई कप विसळत म्हणाल्या.

"बोल्ट जाडच घे. तिथला टॉवेल जास्त जड आहे."

ताईंनी मागे वळून पाहिलं नाही. कप मात्र बराच वेळ विसळला.

माझी धाकटी बहीण उद्या येतेय. तुम्ही कधी आमच्याकडे आलात, तर आम्हा दोघींवर एकेक टॉवेल टाका, आणि बाबांसमोर आम्हाला दांडीच म्हणा.