कळपाला साद

"बाबांचा आवाज पुढे, मग गुरं आणि शेवटी मी, असंच चालायचं आमच्याकडे," मार्टिन गोठ्याच्या फाटकाची कडी काढत म्हणाला. "यंदा पुढे तू."

ऊर्मिलाने गमबूट चढवले. स्टुटगार्टच्या एका कंपनीत ती गिअरबॉक्सचं डिझाइन करायची. मार्टिनशी लग्न करून ती या पठारावरच्या शेतावर राहायला आली, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. हिवाळाभर गोठ्यात वाळलेलं गवत टाकायचं काम तिचं. पण वसंतात कळपाला साद घालून कुरणात नेणं सासऱ्यांचं, गेऑर्गचं. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला तो गेलाच. आता नुसती कुजबुज उरली होती.

मागच्या वसंतात मार्टिनने हाका मारून पाहिल्या, तर कळप थेट गावात, कुणाच्या तरी ट्युलिपच्या वाफ्यात शिरला. यंदाही तेच झालं तर रस्त्यापलीकडचं कुरण सोडून द्यायचं, असं त्याने ठरवलं होतं. ते गेलं तर निम्मी गुरं विकावी लागणार होती.

गावाकडच्या वाटेच्या तोंडाशी ऊर्मिलाची आई, शैलाताई, साडीवर जावयाचं जाकीट घालून उभ्या होत्या. पुण्याहून येऊन त्यांना थोडेच दिवस झाले होते. गुरं मांसासाठी आहेत हे त्या जाणून होत्या, पण विषय काढत नव्हत्या. आज सकाळी चहा घेताना मात्र त्यांनी विचारलंच.

"यातली जातात ना गं?"

"दर वर्षी काही जातात, आई. मार्टिन स्वतः नेतो, शेवटपर्यंत सोबत थांबतो. त्या दिवशी घरात कुणाला जेवण जात नाही."

"मला नाही जमायचं हे."

"मलाही पूर्ण नाही जमलेलं. पण आज त्यांना बाहेर पडताना बघ तरी."

फाटक उघडलं. ऊर्मिला रस्ता ओलांडून कुरणाच्या तोंडाशी गेली आणि सासऱ्यांसारखीच जर्मनमध्ये 'ये, ये' ओरडली, "होऽऽ, कोम, कोम." गुरांनी माना वर केल्या. पाय कुणीच उचलला नाही. मग लीझल, कळपातली सगळ्यांत थोराड गाय, बाहेर आली आणि सरळ गावाच्या वाटेला लागली. बाकीचा कळप तिच्यामागे निघाला.

वाटेत शैलाताई होत्या.

"आई, बाजूला हो," ऊर्मिला ओरडली.

शैलाताई हलल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हात पसरले. "इकडे नाही गं बाई," त्या लीझलला म्हणाल्या. "तुझं गवत तिकडे आहे. ऊर्मिले, तू गोठ्यात हाक मारतेस तशी मार की."

ऊर्मिलाने श्वास घेतला. "ये गं लीझल, ये. या गं बायांनो, या."

लीझलचे कान वळले. मग मान वळली. शैलाताईंनीही आवाज लावला, "जा गं, जा, लेक बोलावतेय माझी," आणि लीझल रस्ता ओलांडून निघाली. आधी चालत, मग दुडक्या चालीने. मऊ गवत पायाला लागलं तशी तिने मागचे पाय हवेत झाडले. पाठोपाठ सगळा कळप उधळत आत शिरला. पोटुशा गाई उड्या मारत होत्या, उन्हाळा कधीच न पाहिलेली वासरं आयांभोवती धावत सुटली होती. मार्टिन हसत हसत धापा टाकत आला आणि त्याने बायकोला चिखलासकट उचललं.

"अहो मार्टिनराव, पाडाल तिला," शैलाताई म्हणाल्या. त्यांनाही हसू आवरत नव्हतं.

गेऑर्ग कुंपणाजवळच्या ओंडक्यावर बसले होते. त्यांचे ओठ हलत होते, "कोम, कोम," पण बाहेर फक्त वारा येत होता. शैलाताईंना पाहून ते जरा सरकले. त्या शेजारी बसल्या. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

हळूहळू गुरं शांत झाली, माना खाली गेल्या. गवत तुटल्याचा आवाज ऐकत ते दोघे उन्हात बसून राहिले.